दोन सेंटिमीटर

आधी वाटलं, मशीन बिघडलंय.
नाल्याच्या वाळूत रोवलेल्या नळीत, दीड मीटर खाली,
बोटाएवढा सेन्सर दर पंधरा मिनिटांनी पाणी मोजत होता,
आणि पडद्यावरची रेघ
निजलेल्या लेकराच्या पोटासारखी
वर, खाली, वर, खाली.
पाऊस नाही. वर कुठं धरण नाही, कालवा नाही.
दोन सेंटिमीटर फक्त. पण रोज.

मी बॅटरी बदलली.
हवेचा दाब वजा करून पाहिला.
नळीत खेकडा शिरलाय का, टॉर्च मारून पाहिलं.
शेवटी चोवीस तासांची सरासरी काढली,
रेघेला इस्त्री केली,
आणि अहवालात लिहिलं:
उपकरणातील दोष, दुरुस्त केला.

कुडवाटोल्याची कौतिका वलथरे
त्याच डोहात कुमनी लावायची.
मी दगड उलटे करत होतो, ती काठावर तंबाखू मळत होती.
दगडाच्या पोटाला अळ्यांची घरं,
वाळूचा कण कणाला चिकटवून बांधलेली नळकांडी,
तांदळाच्या दाण्याएवढी.
दहा, अकरा, बारा.
"हे खाते का जी कोनी?"
"दाढक खाते, मावशी."
"मंग मोजा."

आणि चुना पुसता पुसता, उगाच बोलल्यासारखं:
"कुमनी पहाटीच पाहा लागते.
झाडं झोपले का पानी चढते.
दिवसा कहू पेते, मंग उतरते."

काठावर सात कहू उभे होते,
पांढुरक्या सालीचे, मुळं डोहात सोडून.
इतके दिवस मी त्यांच्या सावलीत डबा खाल्ला.

त्या रात्री जुनी फाइल उघडली, इस्त्रीच्या आधीची.
पहाटे सहाला रेघ सगळ्यांत वर.
दुपारी चारला सगळ्यांत खाली.
फाल्गुनात कहूची पानं गळाली,
ते नऊ दिवस रेघ मुकी.
मग तांबूस पालवी,
आणि दुसऱ्या आठवड्यापासून पुन्हा ती लाट.

(तिचं सगळंच खरं नव्हतं.
मरळ चांदण्यात आंधळी होते म्हणाली.
मी दोन पौर्णिमा डोहाकाठी जागलो. होत नाही.
ती म्हणाली, तुमाले दिसलं नसंन.)

यंदा वरच्या अंगाला उन्हाळी धान आहे.
दोन मोटरी, पाच-पाच एचपीच्या,
लाइन रात्री दहा ते सकाळी सहा.
दिवसा झाडं पितात, रात्री बांध्या पितात,
चढायला पाण्याला वेळच नाही.
रेघ पायऱ्या उतरत गेली, सत्तावीस दिवस,
मग सेन्सर हवा मोजू लागला.
हवेचे आकडेही तो इमानदारीनं लिहितो.

त्या धानातल्या तीन बांध्या तिच्या जावयाच्या.
रोवणीला तीही होती, माझ्यासमोर,
गुडघाभर चिखलात, ह्याच डोहाच्या पाण्यात,
डोहापासून दीड किलोमीटरवर.

मी कोरडे दगड पुन्हा उलटे केले.
नळकांडी जागच्या जागी. बोट लावलं की वाळू.

कुमनी आता ओसरीत, तिच्यात कांदे.
जेवताना तिनं रेघेचा कागद मागितला.
दूर धरला, दिव्याजवळ धरला,
मग उलटा केला.
"असा धरला का चढते, पाहा,"
म्हणाली. हसली नाही.

मी सांगणार होतो अक्ष कुठला, शून्य कुठं.
तेवढ्यात शेताकडून मोटरीचा आवाज आला.
दहा वाजले होते.
तिनं भात वाढला.