बारा बाय आठ

गुंडेराव हे त्याचं आईबापानं ठेवलेलं नाव.
बॅनरवर नको म्हणाला. जी. बी. भाऊ लिही,
आणि मागं सिंह.
तोंड उघडं की मिटलेलं, मी विचारलं.
त्यानं जरा वेळ घेतला.
उघडं. पण दात नीट दिसू देत.

उदगीरला चौबाऱ्यापासून तिसऱ्या गल्लीत
माझं दुकान. फ्लेक्स अकरा रुपये फूट.
बारा बाय आठ म्हणजे शहाण्णव फूट,
एक हजार छप्पन.
त्यानं हजार ठेवले, वरचे सोड म्हणाला.
मालिकेतले डॉन अशी घासाघीस करत नाहीत.
ते टेबलावरून बॅग सरकवतात,
ग्लासात बर्फ हलतो, मागून काहीतरी वाजतं.
हा आला तेव्हा मागून फक्त
डाळमिलचा पट्टा खडखडत होता,
आणि त्यानं पाणी मागितलं, माठातलं,
फ्रिजचं नको, पित्त होतंय.

मी त्याच्या गालावरचे मुरमाचे खड्डे बुजवले.
डोळ्याखालचं काळं उडवलं.
अर्ध्या तासात माझ्याच माउसखाली
असा एक माणूस तयार झाला
की मलाच त्याची भीती वाटायला लागली.

माल हद्दीपलीकडून येतो, हे गावात कुणी सांगत नाही.
म्हणजे सगळेच सांगतात, आवाज बारीक करून.
तुरीच्या पोत्यातून म्हणे,
दुधाच्या कॅनला दुसरा तळ बसवून म्हणे.
गोळीला इथं बटण म्हणतात,
खोकल्याच्या औषधाला पातळ.
शाळेमागच्या टाकीखाली
रिकाम्या बाटल्या मांडून
चौथीतली पोरं दगडानं नेम धरतात.

बॅनरच्या खालच्या पट्टीत शुभेच्छुक.
एकोणीस चेहरे, सगळ्यांना गॉगल.
नववा वैजनाथ.
कापताना त्याचा कान जरा गेला माझ्याकडून.
तो दुकानातच बसून तीच मालिका बघायचा,
डॉन मरतो तेवढा भाग सोडून.
काका, तो भाग खोटाय, म्हणायचा.
आणि बाकीचे रे?
हसला नुसता.
हात तेव्हाच कापायला लागले होते,
चहा कपात कमी, टेबलावर जास्त.
मी टेबल पुसलं. दुसरं काही केलं नाही.

दिवाळी होऊन चौदा दिवस.
त्याचा भाऊ आला. सहा बाय चार करा म्हणाला.
फोटो?
तुमच्याकडंच हाय की.

नववा चेहरा मोठा केला.
मोठा केला की फुटतो, चौकोन चौकोन होतो.
आईनं सांगितलंय, गॉगल काढा.
गॉगलच्या मागं काही साठवलेलं नसतं,
हे त्याला कसं सांगायचं.
आधार कार्डावरचे डोळे आणून बसवले,
सोळाव्या वर्षीचे.
कान अर्धाच राहिला.

खाली शोकाकुल.
पहिलंच नाव जी. बी. भाऊ मित्रमंडळ.
माणूस येऊन सांगून गेला,
भाऊंचा फोटो टाक, हसरा नको.
हसऱ्याशिवाय माझ्याकडं दुसरा नव्हता.
ओठांची टोकं थोडी खाली ओढली,
दोन्हीकडं सारखी.
झालं दुःख.
दोनशे चौसष्ट, मंडळाच्या नावावर, अजून उधार.

वाढदिवसाचा फ्लेक्स चौकातून उतरला तेव्हा
वैजूच्या आईनं तो शेळ्यांवर टाकला,
सावलीला बरा म्हणून.
सिंह खाली तोंड करून. दात नीट दिसतात.
शेळ्या वर बघत नाहीत.
खालची पट्टी त्यांनी कुरतडलीय,
एकोणिसातले दहा-बारा उरले असतील.
नववा आहे का, ते वाकून बघावं लागेल.
मी रस्त्यावरूनच जातो.