डाव्या दाराची काच

रॉदरहॅमला, चढावरच्या आमच्या गल्लीत,
जानेवारीतल्या एका मंगळवारी
कुणीतरी माझ्या लाल गाडीची डावी काच फोडली
आणि सीटवरची पिशवी नेली.
पिशवीत एक लाटणं होतं.
लीड्सच्या सुहासिनीसाठी आणलेलं, शिसवी,
कस्टममधून सुखरूप सुटलेलं.
पिशवी उघडताना चोराचा चेहरा कसा झाला असेल,
ते मला अजून बघायचंय.

यशोधन म्हणाला, विम्याला कळव.
विमा म्हणाला, पहिले अडीचशे पौंड तुमचे.
गाडीच मुळी अठराशेची.
(बावन्नाव्या वर्षी दोन सीटची गाडी घेतली म्हणून
मंडळाच्या हळदीकुंकवात
मी वाणासारखी वाटली गेले होते.)
चार दिवस काचेच्या जागी कचऱ्याची काळी पिशवी,
मोटरवेवर ती असं बोलायची
की रेडिओ बंद करावा लागे.

शनिवारी कॉलिनच्या भंगारात गेले.
चिखल, एक आंधळं कुत्रं,
भाकऱ्यांच्या चवडीसारख्या रचलेल्या गाड्या.
तिसऱ्या थरात तेच मॉडेल, रंग चंदेरी,
उजवी बाजू पार आत गेलेली,
स्टिअरिंग सीटच्या मांडीवर येऊन बसलेलं.
डावी काच मात्र शाबूत. ओरखडा नाही.
आतली माणसं? मी विचारलं.
कॉलिनने पाना पुसला. बराच वेळ पुसला.
मी काचा विकतो बाई, तो म्हणाला. तीस पौंड.

रविवारी दार सोलायला घेतलं.
सोलायलाच. दुसरा शब्द नाही.
हँडलमागचे दोन स्क्रू, कोपऱ्यात दडलेला तिसरा,
मग कडेने बोटं घालून ओढायचं,
एकेक क्लिप कट्‌कन मोडते आणि अस्तर हातात येतं.
त्यामागे प्लास्टिक, काळ्या चिकट दोरीने लावलेलं,
ती आठवडाभर नखांतून निघत नाही.
दाराच्या पोटात हिरवट चुरा, मुठीमुठीने,
आणि आधीच्या कुणाची हेअरपिन.
व्हॅक्यूम लावला, तरी दार आपटलं की
कुठेतरी खुळखुळतंच. आजही.

या गाडीच्या काचेला चौकट नसते.
ती नुसती वर येते आणि छताचं रबर चाचपत जाते.
मिलिमीटरभर बाहेर, वारा शीळ घालतो.
मिलिमीटरभर आत, दार लागत नाही.
पाव आटा. वर. खाली. पुन्हा पाव आटा.
बाहेर उभा राहून यशोधन बस, बस म्हणत होता,
आमच्या मध्ये ती अंतरपाटासारखी,
अक्षता आधीच फरशीवर सांडलेल्या.
अंधारता अंधारता बसली.
छटा जरा करडी. कोपऱ्यात कोरलेला नंबर
दुसऱ्याच गाडीचा.

सोमवारी पहाटे, ड्यूटीवर जाताना,
हॉस्पिटलच्या अलीकडचा सिग्नल, उणे दोन.
माझ्या श्वासाने काच धुरकटली
आणि तिच्यात आकडे उगवले.
खालच्या अंगाला, लहान हाताच्या उंचीवर,
बोटाने काढलेले, कधीचे कोण जाणे.
सात गुणिले आठ बरोबर चोपन्न.
चाराची शेपटी लांबवर ओघळलेली.

बाही तळहातावर ओढून घेतलीच होती मी.
सात आठे छप्पन्न, हे मला
झोपेतही चुकवता येत नाही.
मागून हॉर्न वाजला.

त्यानंतर दोनदा कापड आणि व्हिनेगर घेऊन गेले.
दोन्ही वेळा
काच बाहेरूनच पुसून आले.

आता फेब्रुवारी. त्या सिग्नलला
मी श्वास जरा जास्तच सोडते.
चोपन्न येतं.
छप्पन्न, मी सांगते, रिकाम्या सीटकडे बघून.
ओरडत नाही.
बरं, सात नव्वे किती?
सावकाश सांग, म्हणते.
अजून लाल आहे.