भावाची बातमी

सकाळी सहाला रेडिओ खाकरतो.
आधी स्तोत्र, मग टूथपेस्ट,
मग भाव.
मी खडू पाण्यात बुडवते
(ओल्या खडूचं अक्षर वाळल्यावर ठळक उमटतं,
हे आर्सेसिओनं शिकवलेलं)
आणि कॉफी खरेदी केंद्राच्या फळ्यावर
एका कार्ग्याचा आजचा आकडा लिहिते.
कार्गा म्हणजे सव्वाशे किलो,
एका खेचराची पाठ.

माणसं आकडा वाचतात, टोपी काढतात,
पुन्हा घालतात.

त्या वर्षी मी रोज थोडा थोडा लहान आकडा लिहिला.
कोणी मेलं नाही त्यानं.
इतकंच, की डोन्या लेओविखिल्डानं
वेचणीवाल्यांच्या ताटातलं मांस बंद केलं,
मग अंडं,
मग वेचणीवालेच.
लाल फळं फांदीवर काळी पडली,
किड्यानं आत संसार थाटला,
आणि पोरं पुलाच्या कठड्यावर येऊन बसू लागली.

कठड्यावर बसलेल्या पोराला
कोणीही विचारू शकतं, रोज किती सुटतो तुला?
डोंगरावरून आलेल्यांनी विचारलं.
मग खालच्या रस्त्यानं आलेल्यांनी.
दोघांकडे बूट होते, रबरी, गुडघ्यापर्यंतचे, नवेकोरे.
आर्सेसिओ कोणाबरोबर गेला
मला अजून नक्की ठाऊक नाही.
जाताना फळ्यापाशी थांबला.
‘सात नीट काढत जा,’ म्हणाला,
‘एकासारखा दिसतो तुझा.’

धाकटा नेफ्ताली म्हणाला,
भाव इथं उतरतोय ना, मग चढतोय तिकडे जातो.
पूर्वेचं मैदान. तेलवाहिनी. वेल्डिंगचं काम.
रविवारी फोन यायचा :
पिंपाचा भाव कडाडलाय, ताई!
नगराध्यक्षानं संगमरवरी कारंजं बांधलंय,
पाणी तेवढं नाही त्यात.
मी म्हटलं, चला,
आपल्यातल्या एकाला तरी कुठे भाव आहे.

नंतर फोनवर तो हळू बोलू लागला.
नळी फोडणारे एक,
नळी राखणारे दुसरे,
आणि नगरपालिकेच्या पैशातला दहावा हिस्सा
टेबलावर मोजून घेणारे, ते दोघांतलेच कोणी.
पिंप महागलं तसा पहारा महागला,
पहाऱ्यामागून गप्प बसणंही.
नेफ्तालीनं काय पाहिलं, त्यानं सांगितलं नाही.
एका गुरुवारनंतर
त्याच्या नंबरावर एक बाई बोलते,
हा ग्राहक सध्या उपलब्ध नाही,
फार गोड आवाजात.

मागच्या वर्षी राजधानीतून एक मुलगा आला,
विद्यापीठाचा, उन्हानं नाक सोललेला.
माझ्या बारा वर्षांच्या वह्या मागून घेतल्या.
त्यानं कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या :
कॉफी कोसळते तेव्हा तुमच्या डोंगरात,
तेल उसळतं तेव्हा त्या मैदानात.
हातांना काम उरत नाही तेव्हा,
आणि लुटायला फार असतं तेव्हा.
बरोबर होतं त्याचं.
मी त्याला कॉफी दिली, दोनदा.

फक्त एका जागी रेघ खड्ड्यात गेली होती.
मी तारीख पाहिली.
‘इथं एक नाही, सात आहे,’ म्हटलं,
‘माझं अक्षर.’
त्यानं खोडलं, मनापासून माफी मागितली.
रेघ थोडी वर आली.
त्या तारखेला आर्सेसिओ गेला होता.

यंदा भाव बरा आहे.
दुकानातले रबरी बूट संपलेत.
वेचणी आलीय, चिखल आहे, लागणारच बूट,
तरी दुकानदाराला मी विचारत नाही
कोणी नेले.

घरी परतते तेव्हा
आई पलंगावरूनच हाक देते,
दिसत नाही तिला आता, बोटांवरचा खडू हुंगून ओळखते.
‘भावाची काही बातमी?’

मी आकडा सांगते.