तिसऱ्या-चौथ्याच्या मधे

कुरखेड्याच्या थेटरात
एसी बंद ठेवायचा हुकूम होता.
एप्रिल. बाहेर चव्वेचाळीस.
किटच्या आत माझा घाम
कोपरावरून उतरून हातमोज्यात साचलेला.

वनिता उसेंडी, वय बावीस, पहिलटकरीण,
टेस्ट पॉझिटिव्ह, ऑक्सिजन एक्याण्णव,
बाळाचे ठोके मंदावलेले.
पूर्ण भूल नको. घशात नळी घालताना
तिचा श्वास साऱ्या खोलीत पसरला असता.
पाठीतूनच द्यायची.

"वाक," म्हटलं.
मास्कवर मास्क, त्यावर काच,
माझा आवाज मलाच विहिरीतून आल्यासारखा.
तिला काही कळेना.
शेवंता सिस्टरनं तिचे खांदे धरले,
"मोहं वेचाले बसतेस ना, तशी."

आणि ती वाकली.
एवढ्या पोटावरून
पाठ अशी गोल झाली
की टोपली तेवढी शेजारी नव्हती.

दोन-दोन मोज्यांतून मणके मोजले.
तिसरा. चौथा.
मधली जागा चिंचोक्याएवढी.
सुई गेली.
आता थेंब यायला हवा, नितळ,
आणि माझ्या चष्म्यावर वाफ.
पुसता येत नव्हतं.
काचेच्या कोपऱ्यातल्या एका साफ रेघेतून बघितलं,
पांढरं. नुसतं पांढरं.
शेवंतानं बॅटरी धरली, सुईशी वाकली.
"आला जी मॅडम."
तिच्या शब्दावर मी औषध ढकललं.

"माहे पाय कुठं गेले जी?"
"इथंच आहेत. येतील परत."
उजव्या कुशीखाली चादरीची घडी,
बीपी घसरलं, सावरलं, पुन्हा घसरलं.
मी कपाळावर हात ठेवला,
रबराचाच तो.
तिनं त्याचं एक बोट धरलं
आणि सोडलं नाही.

मुलगी झाली.
दुरून दाखवली, नेली.
त्या रात्री अजून दोघी होत्या.
एकीचं नाव मला आठवत नाही,
आठवायला हवं.

दिवाळीनंतर आठवडी बाजारात
हापशीवर एक बाई
कडेवरचं पोर सावरत पाणी प्यायला वाकली.
तिचा चेहरा मी पाहिलाच नव्हता,
तिनं माझा.
पण ती पाठ.
पिशवीच्या बंदावर माझा अंगठा
आपोआप मोजायला लागला.

तिनं पदरानं तोंड पुसलं,
मी उभी दिसले तशी म्हणाली,
"प्या न बाई, हापसून देतो मी."

मी ओंजळ धरली.