पोटात पाय

झोंबात संध्याकाळी वीज जाते, ठरल्यासारखी.
मी ग्रंथालयाच्या काउंटरवर मेणबत्ती चिकटवतो
आणि अतुपेले म्वाकासुंगुला लॅपटॉप माझ्याकडे वळवते.
"बघा न्यिरोंगो, आज मी 'परमआदरणीय प्राध्यापक' आहे."

तिला अजून कुणी प्राध्यापक केलेलं नाही.
ती मंगोचीच्या किनाऱ्यावर गोगलगायी मोजते,
त्यांच्यातून निघणारा किडा
पोहणाऱ्या पोरांच्या लघवीत रक्त आणतो म्हणून.
सहा वर्षं. गमबुटांचे तीन जोड.

मेल गोड आहे, दात शिवशिवावेत इतका.
आपला लेख वाचून आम्ही भारावलो.
कोणता लेख, ते नाही.
बहात्तर तासांत छापू.
किती डॉलर, ते मात्र आहे.

मागच्या खेपेला ती फसली.
दोन महिन्यांचा पगार गेला, ते एक वेळ सोसलं;
पण वर्षभरानं जर्नलचं पान उघडलं
तर तिथे बायकांच्या सँडल विकायला होत्या.
लेख परत मागायला दार नाही,
आणि दुसरीकडे पाठवावा तर म्हणतात,
हा तर छापून झालेला आहे.
अशी विधवाही नाही, सवाष्णही नाही अशी
तिची पहिली मोजणी
कुठेतरी सँडलींच्या खाली पडून आहे.

मी शास्त्रज्ञ नव्हे.
एकतीस वर्षं पुस्तकांच्या पाठी वाचत आलोय,
कोणाचा कणा खरा, कोणाचा नुसता डिंक,
एवढं बोटांना कळतं.
म्हटलं, संपादक मंडळ काढ.
चौदा नावं, चौदा टाय.
त्यातल्या एका डच गृहस्थाला आम्ही पत्र धाडलं,
उत्तर त्याच्या मुलीनं दिलं:
बाबांना जाऊन चार वर्षं झाली.
ते फुलपाखरांवर काम करत.
तुमच्या गोगलगायींना शुभेच्छा.

बॅटरी अकरा टक्के.
दोघंही काही बोललो नाही.

मग रोज थोडं थोडं.
पारखून घेतलेल्या खुल्या जर्नलांच्या यादीतून
एकेक नाव उचलायचं, तांदळातला खडा बघावा तसं.
जुने अंक उघडतात का?
लेख कधी आला, कधी परत धाडला, कधी घेतला,
तारखा आहेत का?
पैशाचं आधी सांगतात, की मान अडकल्यावर?
एक सापडलं. रंगरूप यथातथा,
कुणाला आदरणीय वगैरे म्हणत नाही.
एका कोपऱ्यात साधी ओळ:
अशा अशा देशांतून येणाऱ्यांना शुल्क नाही.
त्या देशांत आमचा होता.

अकरा आठवडे काहीच नाही.
मग चार पानं, नुसते प्रश्न.
मार्चमध्ये मोजणी का नाही?
पाणी चढल्यावर या जातात कुठे?
तक्ता तीनमधली बेरीज पुन्हा करावी.
"खवचट आहे मेला," ती म्हणाली,
खुर्ची ढकलून निघून गेली, चहाही न घेता.
दुसऱ्या दिवशी आली ती बेरीज करूनच.
"चुकली होती," एवढंच.
आणि मार्चमध्ये, कमरेएवढ्या लव्हाळ्यात उतरली.

तिच्या पाठीमागे मला एक म्हण आठवायची,
गोगलगाय नि पोटात पाय.
त्या गोड मेलवाल्यांना अगदी बसते, असं वाटून
एकदा बोलून गेलो.
ती चिडली.
"पाय पोटालाच असतो तिचा, त्यात लबाडी कसली?
आणि चालते ना, तेव्हा मागे ओली रेघ सोडते.
कुठून आली, कुणीही जाऊन बघावं.
तुमचे ते चौदा टाय सोडतात का?"

लेख निघाला जूनमध्ये.
कुलूप नाही, पैसे नाहीत, कुणीही वाचा.
मी छापून काउंटरखाली ठेवलाय, वीज जाते म्हणून.

परवा तळ्याकाठच्या दवाखान्यातून
इनेस नावाच्या नर्सचा निरोप आला.
तडा गेलेल्या फोनवर तिनं सगळा वाचला होता.
विचारत होती,
सहाव्या पानावरच्या फोटोतली ही
आमच्या धक्क्याला चिकटते तीच का?
असेल, तर पोरांना सांगू
की त्या बाजूनं उडी मारू नका.

अतुपेलेनं फोटो मोठा केला.
बराच वेळ बघत राहिली.
"आपण तिथे मोजलंच नाही," म्हणाली,
आणि गमबूट शोधायला लागली.