आऊट

परळीत तेव्हा राख पडायची.
गच्चीवरच्या सांडग्यांवर, शाळेच्या बाकांवर, म्हशीच्या पाठीवर.
थर्मलच्या चिमण्या रात्रभर जे ओकायच्या
त्यावर सकाळी बोटानं नाव लिहिता यायचं.

खाजामियाँकडे सतरा सायकली भाड्यानं.
सोळा काळ्या, एक बीएमएक्स.
लाल, बुटकी, हँडलच्या आडव्या दांडीला फोमची उशी,
आणि चाकं पिवळी, प्लास्टिकची.
तारा नाहीतच. पाच जाड पाती, पंख्यासारखी.
काळीला अर्ध्या तासाचे आठ आणे.
हिला रुपया.

पोरीला देत नाही, असं ते कधी म्हणाले नाहीत.
मीच भ्याले.
मन्मथचा शर्ट, मन्मथची चड्डी, वेण्या टोपीत कोंबलेल्या.
"नाम?"
"मन्मथ स्वामी."
त्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं
आणि वहीत उजवीकडून डावीकडं काहीतरी लिहिलं.

मे महिन्यात दुकानाबाहेर उभं राहून राहून
पुढचं चाक उन्हानं वाकलं.
तारेच्या चाकाचा आऊट निघतो :
सायकल उलटी टाकायची, खडू धरायचा,
घासेल तिथली तार सैल, समोरची आवळ.
खाजामियाँ हे डोळे मिटून करायचे, नुसत्या आवाजावर.
पण ह्यात आवळणार काय?
गरम पाण्यात बुडवून झालं, पाट्याखाली दाबून झालं,
मग हात झटकले : "ये ऐसाइच चलता अब."

तशीच चालली.
दर फेऱ्याला एकदा चिमट्याला घासायची, खुस्स,
जरा दम, पुन्हा खुस्स.
कॉलनीच्या रस्त्यावरून मागं वळून बघावं तर
राखेत काळ्या सायकलींच्या रेघा, पट्टीनं मारलेल्या,
आणि हिची गोट्यागोट्यांची नक्षी
लचकत, लचकत गेलेली.

तीच नक्षी धरून मन्मथनं मला गाठलं,
वीटभट्टीच्या उतारावर.
टोपी खिशात, वेण्या वाऱ्यावर, दोन्ही पाय पायडलवरून उचललेले.
घरी त्यानं सांगितलं नाही.
एवढंच म्हणाला, "माझं नाव लावून पडू नको फक्त."

पडलेच.
ढोपरात अजून आहे ती राख, कातडीखाली, निळसर,
गोंदल्यासारखी.

मागच्या दिवाळीत गेले होते.
दुकानात आता मोबाइलची कव्हरं, काचा, चार्जर.
वर खिळ्याला ते चाक.
लोखंडाचं असतं तर केव्हाच जालन्याला जाऊन
कुणाच्या तरी स्लॅबमध्ये सळई झालं असतं.
ह्याला भंगारवालाही हात लावेना.
पिवळं उडून सायीच्या रंगाचं झालंय.

खाजामियाँची नात तहसीन फार्मसी शिकते.
दादाच्या वह्या तिनं कपाटात ठेवल्यात, का ते तिलाही सांगता येत नाही.
म्हटलं, एक्क्याण्णवचा मे बघ ना. मन्मथ स्वामी.
तिचं बोट उजवीकडून डावीकडं सरकत राहिलं.
पान उलटलं. परत मागं आली.
"मन्मथ तर नाहीये कुठं."
मी म्हटलं, असेल, बघ नीट.
"शिवकांता आहे. अकरा वेळा.
लाल सायकल, आधा घंटा.
शिवकांता, शिवकांता…
आणि शेवटच्या ओळीत, आठ आणे बाकी."

मी दहाची नोट पुढं केली.
तहसीन गल्ला उघडून बघत राहिली.
म्हणाली, सुटे नाहीत.