पत्रिकेत चारशे

नऊ वर्षं तो प्लेअर मला विचारत होता,
नवी आवृत्ती आली आहे, आता घेता की नंतर?
मे महिन्यात कोणाला फुरसत असते?
गोळीबार चौकातली दहा बाय बाराची खोली,
कूलरमध्ये खसाचा ओला वास,
पडद्यावर कोणाच्या तरी पोरीची हळद,
आणि खाली कोपऱ्यात ती इवलीशी चौकट.
नंतर, बापा, नंतर.

हेडाऊ व्हिडिओ शूटिंग. लग्न, बारसं, वास्तू.
पेन ड्राईव्हवर सिनेमा करून देतो,
सोबत तोच प्लेअर फुकटात टाकतो,
गिऱ्हाईकाला शोधाशोध नको.
फुलांचा पाऊस तेवढा उसना:
कुठूनतरी उतरवलेली बारा सेकंदांची फाईल,
गुलाबाच्या पाकळ्या, वरून खाली.
पहिल्यांदा लावली तेव्हा प्लेअर अडखळला,
पडदा काळा झाला, मग पुन्हा चालू.
मी कूलरमध्ये पाणी टाकायला उठलो होतो.

तांडापेठेतली तृषाली निनावे
मिहानमधल्या कुठल्याशा कंपनीत
दिवसभर मोडक्या फाईली प्लेअरच्या तोंडात घालते,
ठसका कुठं लागतो ते पाहते.
याचा तिला पगार मिळतो.
तिच्या लग्नाची ड्राईव्ह तिनं रुमालात गुंडाळून आणली,
जशी मेलेली पाल.

"काका, समजा पत्रिकेत लिहिलं, माणसं चारशे.
तुमच्या प्लेअरनं वाचलं, खरं मानलं,
चारशे पाट मांडले.
आले साडेपाचशे.
हा भोळा, दारात मोजत नाही.
उरलेले कुठं बसतील?
शेजारच्या अंगणात. जिन्यावर. देवघरात.
आणि त्या दीडशेतला एक
जेवायला आलेलाच नसतो.
तो सरळ आतल्या खोलीत जातो,
मालकाच्या खुर्चीवर बसतो,
म्हणतो, आता मी सांगीन तसं."

मला ओळख पटली.
असा माणूस मी प्रत्येक लग्नात पाहिला आहे.
मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा,
मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचा.
त्याला बुंदी दोनदा वाढतात.

रजिस्टर काढलं. एकसष्ट लग्नं.
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा,
शेहेचाळीस डिग्रीत स्कूटर काढली.
मी दिलेली ड्राईव्ह लावू नका, परत द्या.
पाचपावलीत म्हणाले, कोणती ड्राईव्ह?
नंदनवनात पाकीट निघालं,
माझी चिकटपट्टी जशीच्या तशी.
हुडकेश्वरला पोरगी माहेरी येऊन राहिलेली,
न बोलता ड्राईव्ह आणून दिली,
दार लावता लावता म्हणाली, नवी नका आणू.

त्रेपन्न घरांनी एकदाही उघडली नव्हती.
"वाचलो, काका!" तृषाली फोनवर ओरडली.
हव, वाचलो.
कापाकापीत जागलेल्या रात्री मी मोजल्या नाहीत.

शेवटचं घर पौनीकरांचं.
ते रोज लावायचे, जेवण झाल्यावर.
कॉम्प्युटर आपोआप जागा व्हायचा,
खात्यातून सात हजार गेलेले,
तरी लावायचे.
बेचाळिसाव्या मिनिटाला ते आणि धाकटा भाऊ
एका पंगतीत, गुडघ्याला गुडघा लावून.
त्यानंतर प्लॉटची केस.

तीन तास बसून सगळं पुसलं,
नवा प्लेअर टाकला, मोजून आत घेणारा.
सिनेमा माझ्याकडच्या मूळ शूटिंगमधून पुन्हा जोडला,
पाकळ्या काढून.
ते मागून विचारत होते,
"नव्यात धाकटा येईल ना?"

आला. गुडघ्याला गुडघा.
त्यांच्या मागे पांढऱ्या शर्टातला एक जण,
पत्रावळ पुढे करून, पुन्हा बुंदी.
हा कोण, मी विचारलं.
पौनीकरांनी चष्मा वर केला,
पडद्याजवळ गेले.
"मुलीकडचा असेल," म्हणाले.